आभाळाचं उष्टं

तळ्याचं चित्र विकत घेणाऱ्याला वाटतं, हे एकाच माणसाने काढलंय. वाटू द्यावं, बिचाऱ्याचं काय जातं! मूळ चित्र खरंच एकाने काढलं होतं, दोनशे वर्षांपूर्वी, कुणा इंग्रज साहेबाने, तळ्याकाठी घडीची खुर्ची टाकून. या कारखान्यात मात्र त्याच तळ्याच्या हाताने रंगवलेल्या नकला निघायच्या, आणि एकेका नकलेला चौघांचे हात लागायचे. आधी आभाळ, ते मामांचं. मग डोंगर आणि झाडी, ती डोंगरवाल्या ताईंची. मग पाणी, ते मामांच्या भाचीचं. सगळ्यात शेवटी गायवाला यायचा, काठावर तीन गायी उभ्या करायचा, पाण्यात होडी सोडायचा, होडीत टोपीवाला माणूस बसवायचा आणि वर ऐकवायचा की तुम्ही तिघं नुसता उजाड मुलूख करून ठेवता, वस्ती काय ती मी करतो.

चौघांपैकी एकानेही ते तळं पाहिलं नव्हतं. तळं सोडा, मूळ चित्रसुद्धा पाहिलं नव्हतं. भिंतीवर एक मोठा छापील कागद चिकटवलेला, त्यावर पेन्सिलीने चौकोन आखलेले, कडा तेलकट बोटांनी काळ्या झालेल्या. एवढीच काय ती त्यांची विलायत. पण रोज तेच तेच रंगवून त्या जागेची अशी ओळख झाली होती, की मामा सरळ 'आपलं तळं' म्हणायचे. आज आपल्या तळ्यावर ढग जरा जास्तच झालेत, असं म्हणत ते सकाळी कॅनव्हाससमोर उभे राहायचे. पंचवीस वर्षांत त्या तळ्यावर एकदाही पाऊस पडला नव्हता, हेही तेच सांगायचे.

या कामात एक रीत होती. पाणी आभाळाचा रंग घेतं, हे कुणीही सांगेल. पण खऱ्या तळ्यात ते आपोआप होतं, इथे हाताने करावं लागायचं. आभाळ पुरं झालं की मामा पॅलेटवर उरलेले रंग पांढऱ्या फरशीच्या एका तुकड्यावर काढून ठेवायचे. ढगाच्या पोटातला करडा, मधला निळा, डोंगरामागचा फिकट पिवळा, सगळ्यांचा एकेक गोळा. त्यावर प्लास्टिकचा कागद झाकायचा आणि तुकडा भाचीच्या टेबलावर जायचा. तिने पाणी करायचं ते त्याच रंगांत थोडा हिरवा, थोडा तपकिरी मिसळून. नवीन रंग घोटायचा नाही. घोटला तर आभाळ एका गावचं आणि पाणी दुसऱ्या गावचं दिसतं. त्या फरशीच्या तुकड्याला सगळे 'उष्टं' म्हणायचे. मामांचं आटपत आलं की तिकडून गायवाला ओरडायचा, अगं, मामांचं उष्टं घेऊन जा, सुकेल.

आणि दुसरी रीत याहून कडक. दुसऱ्याच्या भागाला हात लावायचा नाही. चूक दिसली तरी नाही. ज्याचं त्याला सांगायचं, ज्याचं तो करील. भाची सोळा वर्षांची असताना मामांनी तिला कारखान्यात आणलं, तेव्हा ब्रश हातात देण्याआधी हेच सांगितलं होतं. एका आभाळात दोन हात फिरले की ते आभाळ राहत नाही, त्याला ठिगळ लागतं. आता ती चाळिशीला आली होती, दोन पोरींची आई होती, तरी मामा तिला अजून 'मासोळी' म्हणायचे. पाण्यात असते म्हणून.

तर ही मासोळी गेले अकरा महिने मामांच्या आभाळाला हात लावत होती.

सुरुवात अगदी साधी झाली. एका दुपारी उष्टं न्यायला ती मामांच्या कॅनव्हासपाशी गेली. मामा ब्रश धुवायला मोरीकडे गेलेले. वर डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा कोरी होती. म्हणजे खालचा पातळ रंग लावून सुकलेला होता, पण वरचा ढग तिथवर आलाच नव्हता. मध्येच तुटला होता. तिला आधी हसू आलं. मामांसारखा माणूस कोपरा विसरतो म्हणजे काय! त्यांना हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि तेवढ्यात मालकीणबाई जिन्यावरून वर येताना दिसल्या. त्याच आठवड्यात मालकीणबाईंनी डोंगरवाल्या ताईंना सगळ्यांदेखत झापलं होतं, की हात चालत नसेल तर घरी बसा. भाचीने काय करावं? तिने उष्ट्यातला करडा बोटावर घेतला, ढग कोपऱ्यापर्यंत ओढला, मऊ ब्रशने दोनदा फिरवला आणि बाजूला झाली. मालकीणबाई आल्या, बघून गेल्या. मामा आले, त्यांनीही बघितलं आणि आज आभाळ छान उतरलं म्हणाले.

तिने तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मामा इतके खूश होते, की तिला वाटलं, जाऊ दे, एकदा झालं, म्हातारपण आहे, उद्या सांगू. तो उद्या काही आला नाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तोच कोपरा राहिला. मग उजवाही राहू लागला. तळहाताएवढी जागा वहीएवढी झाली. भाची आता डोळ्यांत तेल घालून बसायची. मामा मोरीकडे गेले रे गेले की उठायची आणि ते ब्रश धुऊन, फडक्याला पुसून, चहाचे दोन घोट घेऊन यायच्या आत कोपरे भरून टाकायची. रंग त्यांचेच, उष्ट्यातले, तेव्हा जुळण्याची चिंता नव्हती. जोड दिसायचा नाही. अहो, तिचा तिला दिसायचा नाही!

बाकीचंही तिला दिसत होतंच, आंधळी नव्हती ती. मामांच्या खांद्याला दाराची चौकट लागायची. डावीकडे ठेवलेला टर्पेंटाइनचा डबा कोपराने लवंडायचा. तिने डबा उचलून समोर ठेवायला सुरुवात केली. चष्म्याचा नंबर वाढला असेल, वय झालं की होतं, असं स्वतःला समजावलं. डॉक्टरकडे जाऊन या, असं एकदा अर्धवट म्हणालीही. मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवरची बारीक तारीख तिथूनच वाचून दाखवली आणि वर विचारलं, तुला वाचता येते का गं इथून? तिला येत नव्हती. विषय तिथेच संपला.

आणि खरं सांगायचं तर, नुसतं मामांसाठी करत होती असंही नव्हतं. पण तिथे ती स्वतःशीसुद्धा फार वेळ थांबायची नाही.

एक दिवस मामा पडले. मोठा कॅनव्हास होता, वरच्या भागासाठी ते लाकडी घोडीवर उभे होते. दोन पायऱ्यांचीच घोडी, पण उतरताना त्यांनी डावा पाय टाकला तो जिथे पायरी नव्हती तिथे. भुवईला पाच टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरने डोळ्यांपुढे बोट नाचवून बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे चिठ्ठी दिली. मामीचे गुडघे धरलेले, जिने चढवत नव्हते, म्हणून मामांबरोबर भाची गेली.

तिथे एक पांढरं यंत्र होतं, मोठ्या भांड्याच्या आतल्या बाजूसारखं. त्यात हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठेही दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. प्रत्येक दिव्याला यंत्र बारीक आवाज करायचं. भाची मागे स्टुलावर बसली होती. यंत्राचा आवाज, मग बटणाचा आवाज. यंत्र, बटण. मग यंत्र, आणि काहीच नाही. पुन्हा यंत्र, काहीच नाही. तिला वाटलं मामांना डुलकी लागली. तिने वाकून बघितलं तर मामा टक्क जागे होते, अंगठा बटणावर, परीक्षेला बसल्यासारखे सावध होऊन दिव्याची वाट बघत होते. यंत्र आपलं दिवे लावत होतं.

डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. काचबिंदू. डाव्या डोळ्याच्या वर्तुळातला बराचसा भाग काळा, उजव्याचा निम्मा. मधोमध तेवढा उजेड. त्यांनी नीट समजावून सांगितलं. यात समोरचं अगदी स्वच्छ दिसत राहतं, बारीक अक्षरही वाचता येतं, जातं ते कडेचं. आणि गेलेली जागा माणसाला काळी दिसत नाही, मेंदू ती आपल्या अंदाजाने भरून टाकतो, म्हणून कळतच नाही. गेलं ते आता परत येणार नाही. राहिलंय ते राखायचं असेल तर ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर. मग त्यांनी विचारलं की कडेचं दिसत नाही, हे कधीपासून जाणवतंय? आठ-दहा महिन्यांपूर्वी आला असतात तर बरंच वाचलं असतं.

मामा म्हणाले, जाणवलंच नाही. आणि जाणवणार कसं? ते खुर्चीत ताठ बसले. "बाई, मी आभाळं रंगवतो. एवढं एवढं आभाळ," त्यांनी दोन्ही हात पसरले, "आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. माझा एक कोपरा कच्चा राहिलेला दाखवा. हिला विचारा."

डॉक्टरीणबाईंनी भाचीकडे बघितलं. मामांनीही मान वळवून बघितलं. आता बोलायचं ते इथेच, हे तिला लख्ख कळत होतं. पण तिने नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, तिचं तिला ठाऊक नाही. मामांनी ती हो धरली. डॉक्टरीणबाई जरा विचारात पडल्या आणि म्हणाल्या की इतक्या वर्षांची सवय असते, हात आपोआप जात असेल.

झालं. मामांना तेवढंच पुरे होतं.

घरी येईपर्यंत त्यांनी त्या एका वाक्याची पार कथा करून टाकली होती. यंत्र म्हणतं दिसत नाही, चित्र म्हणतं दिसतं. मग खरं काय? डोळ्यांना नसेल दिसत, पण हाताला दिसतं! कारखान्यातही हेच. टाक्यांवरची पट्टी निघायच्या आत ते कामावर आले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. गायवाल्याने त्यांच्या मनगटावर दोन डोळे काढून दिले, रंगाने, पापण्यांसकट. मालकीणबाई तर गिऱ्हाइकांना वर घेऊन यायच्या आणि लांबून बोट दाखवून हळू आवाजात सांगायच्या, की हे बघा, यांना कडेचं दिसत नाही, आणि आभाळ बघा. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. भाची पाण्यावर वाकून बसलेली असायची आणि तिचे कान तापायचे. शरम शरम म्हणतात ती किती जड असते, ते तिला त्या दिवसांत कळलं. मोठी पोरगी विचारायची, आई, तू कुणावर रागावलीस का? काय सांगणार तिला!

ऑपरेशनला मामांनी साफ नकार दिला. डोळ्यात सुरी घालू द्यायची आणि आहे तेही घालवून बसायचं, कशासाठी? ज्याच्या हाताला दिसतं त्याने डोळ्यांची काळजी का करावी? औषधाचे थेंबसुद्धा ते आठवले तर घालायचे. मामी रडून, भांडून, अबोला धरून थकली. मग तिने भाचीला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं आणि हात धरून म्हणाली, "तू समजाव गं. तुझंच ऐकतात ते. आंधळा झाला तर तो माणूस जगायचा नाही."

मामीचे हात साबणाच्या पाण्याने ओले होते. भाचीला ते सोडवून पळून जावंसं वाटलं.

तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मामांना खिडकीपाशी गाठलं आणि एका दमात सांगून टाकलं. कोपरे तुमचा हात भरत नाही, मी भरते. गेल्या वर्षापासून. तुम्ही मोरीकडे गेलात की.

मामा तिच्याकडे बघत राहिले. आणि मग हसले. इतके हसले की चहा बशीत सांडला. मामीने पढवून पाठवलंय ना तुला, म्हणाले. ते थांबेचनात. अगं, थाप मारायची तर जरा बेताची तरी मारावी. तू पाण्यातली बाई, तुझा हात आडवा चालतो, आभाळ गोल हाताचं काम आहे. तू कोपरा भरलास आणि मला जोड दिसला नाही? मला? त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचे तशी, आणि निघून गेले.

भाची तिथेच खिडकीत उभी राहिली. तिने काम इतकं चोख केलं होतं, की आता खरं सांगूनही खोटं ठरत होतं. आणि लाजेची गोष्ट अशी, की त्यांना जोड दिसला नाही हे ऐकून तिला आतून क्षणभर बरं वाटलं. मामांच्या डोळ्यांचं वाटोळं होतंय आणि ही आपल्या हातावर खूश! तिने स्वतःला मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या की त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

मग एकच उपाय राहिला होता. आणि तो तिला आधीपासून दिसत होता, पण तिकडे बघवत नव्हतं.

चार दिवसांनी मोठा कॅनव्हास लागला, एका शाळेच्या सभागृहासाठी. मामा सकाळपासून घोडीवर होते. त्या दिवशी त्यांचा हात खरोखर सुरेख चालला होता. मधला मोठा ढग असा फुगून आला, की डोंगरवाल्या ताई आपलं काम सोडून बघायला आल्या. दुपार कलता कलता मामांनी शेवटचा पिवळा डोंगरामागे लावला, उष्टं काढलं, झाकलं, भाचीला हाक मारली आणि ब्रश घेऊन मोरीकडे गेले.

भाची कॅनव्हाससमोर आली. डावीकडे वर चहाच्या ट्रेएवढी जागा कोरी, उजवीकडे त्याहून थोडी कमी. ढग दोन्ही बाजूंना मध्येच संपत होता. तिच्या हाताला सवयच लागली होती, प्लास्टिक बाजूला करून बोट रंगात गेलंसुद्धा. तिने ते परत काढलं, फडक्याला पुसलं. दोन्ही हात काखेत धरून ती घोडीच्या पायरीवर बसली. मोरीत पाणी वाहत होतं. नळ बंद झाला. मामांनी फडकं झटकलं, कुणाशी तरी दोन शब्द बोलले, चहाचा कप ठेवल्याचा आवाज आला. रोज एवढ्या वेळात तिचं सगळं काम होऊन जायचं. आज तो वेळ संपता संपत नव्हता.

मामा आले. चार पावलं मागे उभे राहून त्यांनी चित्राच्या मधोमध बघितलं, मान डोलावली.

"झकास उतरलं आज," ते म्हणाले.

"मामा," ती उठून उभी राहिली, "डावा कोपरा बघा. मान पुरती वळवून, अगदी तिथेच बघा."

"का, काय झालं?"

"बघा तर."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, मामांनी थट्टा केली नाही. ते पुढे आले आणि त्यांनी मान वळवली. बराच वेळ बघितलं. मग हात वर करून कोपऱ्यात बोट लावलं आणि बोट डोळ्यांसमोर धरलं. बोटाला रंग नव्हता. ते उजवीकडे गेले, तिथेही बोट लावलं. पुन्हा डावीकडे आले. पलीकडे गायवाला गुणगुणत होता तो थांबला. त्याने इकडे एकदा बघितलं आणि हातातला ब्रश तसाच घेऊन जिना उतरून गेला.

मामा घोडीच्या पायरीवर बसले. त्यांच्या मनगटावर गायवाल्याने काढलेले ते डोळे अजून पुरते निघाले नव्हते. त्यांनी दुसऱ्या हाताने ते झाकले.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"अकरा महिने."

"सगळी?"

"सगळी, मामा."

त्यांनी मान हलवली. तिला वाटलं आता ओरडतील. ओरडावं, सगळ्यांदेखत थोबाडीत मारावी, कारखान्यातून घालवून द्यावं, म्हणजे निदान श्वास तरी घेता येईल. पण मामा शांतपणे बोटांच्या नखांतला रंग काढत बसले. डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य दोघांच्या मध्ये होतं आणि दोघांनाही ते पाठ होतं. आठ-दहा महिने आधी आला असतात तर.

"मला सांगितलं का नाहीस?"

याचं उत्तर तिच्याजवळ तयार होतं. कितीतरी दिवस घोटून ठेवलेलं. "मालकीणबाईंना कळलं तर तुमचं काम जाईल, म्हणून," ती म्हणाली. आणि ते खोटं नव्हतं.

मामा नुसते तिच्याकडे बघत राहिले. सोळाव्या वर्षापासून त्यांनी तिला ओळखलेलं. ती अर्धं बोलून थांबली की उरलेल्या अर्ध्यासाठी ते असेच थांबायचे. भाचीला रडू फुटलं.

"आणि मला आवडायचं," ती म्हणाली. "आभाळ करायला. वीस-पंचवीस वर्षं तुमचं उष्टं घेऊन पाणीच करतेय. तेवढा कोपराभर का होईना, पण आभाळ माझं असायचं. रोज वाट बघायचे मी, तुम्ही कधी मोरीकडे जाता याची. सांगितलं असतं तर तेही गेलं असतं. म्हणून नाही सांगितलं, मामा. खरं कारण ते आहे."

बोलून झाल्यावर तिला बरं वाटेल असं वाटलं होतं. काही बरं वाटलं नाही. मामा कोपऱ्याकडे बघत होते, मान पुरती वळवून, जसं तिने सांगितलं होतं तसं.

"ते तुला सांगावंच लागलं नसतं," ते हळूच म्हणाले. "पहिल्याच दिवशी कळलं असतं. एका कोपऱ्यावरून ओळखलं असतं मी, की ही पोरगी आभाळाची आहे. पण तो दिसायला हवा होता ना मला."

त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. ती त्याची वाट बघत राहिली आणि तो आलाच नाही.

थोड्या वेळाने मामा उठले. डॉक्टरीणबाईंना फोन लाव म्हणाले, लवकरातली लवकर तारीख माग. तिने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला आणि तारीख घेतली, पुढच्या सोमवारची. मामांनी आपला कोट खांद्यावर टाकला, जिन्याकडे दोन पावलं गेले आणि थांबले. पहिल्यांदाच त्यांनी आधारासाठी हात पुढे केला. ती त्यांच्या डाव्या बाजूला अगदी लागून उभी होती. त्यांचा हात मात्र उजवीकडे, रिकाम्या जागेत तिला शोधत होता.

"इकडे आहे मी, मामा," ती म्हणाली.